कुंपणावरचे करवंद



आपल्या खानदेशात घराला, खळ्याला किंवा शाळेच्या पटांगणाला कुंपण घालायचे झाले, म्हणजे आपण काय करतो? ऐपत असेल तर भिंत बांधतो किंवा काटेरी तार ओढतो. नसेल तर बाभळीच्या फांद्या तोडून आणून रचतो. हे काट्यांचे कुंपण एका पावसाळ्यात कुजते, उरलेले वाळवी खाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाभूळ शोधायची वेळ येते. याला कंटाळून कोणी तरी मोगली एरंडाची, म्हणजे चंद्रज्योतीची, छाटे रोवतो. ती पटकन फुटतात, गुरे तोंड लावीत नाहीत, आणि काम भागल्यासारखे वाटते.

पण इथेच घोटाळा आहे. चंद्रज्योतीच्या बिया दिसायला शेंगदाण्यासारख्या नसल्या तरी चवीला गोडसर लागतात. दुपारच्या सुट्टीत मुले त्या फोडून खातात, आणि तासा-दोन तासांत वांत्या-जुलाबांनी बेजार होऊन ओळीने दवाखान्यात जातात. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दर एक-दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या गावाच्या नावाने येतेच. दुसरे झाड पिवळ्या कण्हेराचे. याला आपण बिट्टी म्हणतो. बिट्टीच्या बिया मुली खेळायला घेतात. त्या बियांतले विष थेट हृदयावर परिणाम करते. जिथे दिवसभर शे-दोनशे पोरे वावरतात, तिथे आपण हौसेने विषाची रांग लावतो, आणि मग मुलांना दटावतो, ‘हात लावू नका!’ मूल आणि कुंपण यांची गाठ पडणारच. तेव्हा मुलाला बदलण्यापेक्षा कुंपण बदलणे सोपे, असे माझे मत आहे.

बदलून लावायचे काय, तर करवंद.

करवंद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर येतो. ‘डोंगराची काळी मैना’ ही हाळी उन्हाळ्यात कोणी ऐकली नसेल? पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात काळीभोर करवंदे, आणि एकेक फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ म्हणून लावलेली पैज. आतून लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. पण हे झुडूप डोंगराशिवाय जगत नाही असा जो समज आहे, तो मात्र खरा नाही. घराच्या आवारात, विहिरीच्या वाटेवर, शाळेच्या हद्दीवर ते उत्तम येते. आमच्या पिंप्राळ्यासारख्या, एके काळी खेडे असलेल्या आणि आता जळगाव शहरात सामावलेल्या गावांत घरामागची मोकळी जागा आखडली आहे. अशा जागी आंब्याचे झाड मावत नाही, पण करवंदाची एक ओळ सहज मावते. मेहरूणची बोरे हिवाळ्याची. करवंद उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे. दोन्ही काट्यांची, दोन्ही कमी पाण्यावर तग धरणारी.

कुंपण म्हणून करवंदाची कसोटी पूर्वीच लागलेली आहे, आणि ती आपल्या शेजारीच. इंग्रजांच्या अमदानीत मिठावर जबर कर होता. स्वस्त मीठ कराच्या प्रदेशात चोरून येऊ नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, दोन हजारांहून अधिक मैलांची जकातीची सीमा आखली होती. या सीमेवर बऱ्याच लांबवर जिवंत काटेरी कुंपण वाढवले होते. ते आपल्या रावेरपलीकडच्या बऱ्हाणपूरपर्यंत येत असे. राखणीला सुमारे बारा हजार माणसे होती. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते ॲलन ह्यूम. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला तेच हे ह्यूम. कुठल्या मातीत कुठले काटेरी झाड टिकते याचा त्यांच्या खात्याने चिकाटीने शोध घेतला. बोर, बाभूळ, थोर, निवडुंग यांच्या बरोबरीने त्या कुंपणात करवंदही होते. १८७९ मध्ये ती सीमा मोडली, कुंपण नाहीसे झाले. गरिबाच्या मिठासाठी उभारलेले ते कुंपण गेले ते बरेच झाले; पण माणूस आणि बैल या दोघांनाही अडवील असे झुडूप म्हणून करवंदाची निवड झाली होती, एवढे आपण ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता लावायचे कसे ते सांगतो. करवंदाचे दोन प्रकार लक्षात घ्या. डोंगरातले जाळीचे करवंद लहान, काळे, वैशाख-ज्येष्ठात पिकणारे. दुसरे बागेतले, मोठ्या फळाचे. ते कच्चेपणी हिरवे किंवा पांढरट-गुलाबी असते आणि पावसाळ्यात पिकते. लोणच्याला आणि मुरंब्याला हे दुसरे चांगले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ या जाती आहेत. रोपे विकत घेतली तर काम लवकर होते. पण शाळेसाठी मी बियांचीच शिफारस करीन. खर्च नाही, आणि मुलांना उगवण पाहायला मिळते.

बी मात्र ताजे हवे. पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, गर धुऊन काढावा, सावलीत बी सुकवावे आणि चार-आठ दिवसांच्या आत पेरावे. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवले, की त्याची उगवणशक्ती गेली म्हणून समजा. ‘आमच्याकडे करवंद उगवत नाही’ असे सांगणाऱ्याला आधी बी किती जुने होते ते विचारावे. पिशवीत माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत भरून बी अर्धा इंच खोल लावले, की दोन-चार आठवड्यांत अंकुर दिसतो. रोप सावकाश वाढते. ते एक वर्ष पिशवीतच सांभाळावे आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जागेवर लावावे. कलम करायचे तर गुटी किंवा दाब कलम साधते. नुसत्या फांदीच्या छाटाला मुळे फुटणे कठीण.

आपली काळी जमीन कापसाला आणि केळीला लक्ष्मी. करवंदाला मात्र ती थोडी जड. या झुडपाला मुरमाड, निचऱ्याची जागा आवडते. पाण्याचा ताण ते सोसते, पण मुळाशी तुंबलेले पाणी सोसत नाही. म्हणून काळ्या रानात हद्दीच्या कडेने फूटभर उंच वरंबा करावा, त्यात मुरूम मिसळावा आणि वरंब्यावर रोपे लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरे. फळांसाठी सुटी झुडपे वाढवायची असतील तर सात-आठ फूट ठेवावे. खड्डा दीड फुटाचा, त्यात दोन घमेली शेणखत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि कोवळे रोप त्यात टिकत नाही. नळ नसेल तर रोपाशेजारी बुडाला भोक पाडलेले मडके पुरावे, भोकात चिंधीची वात घालावी आणि आठवड्यातून दोनदा मडके भरावे. भांडी घासलेल्या राखेच्या पाण्यावरही काम भागते. साबणाचे पाणी नको. याच दोन वर्षांत शेळ्यांपासून राखण हवी, कारण काटा टणक होईपर्यंत शेळी पाला सोडत नाही. तिथे तुमची बाभळीची फांदी उपयोगी पडेल, आणि ती शेवटचीच. पुढे झुडूप स्वतःची राखण स्वतः करते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोगऱ्याची आठवण करून देणारी पांढरी, सुवासिक फुले येतात आणि मागोमाग फळ. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फळ धरते ते नव्या फांदीच्या टोकाकडे. सरकारी बंगल्यापुढची मेंदी कातरतात तसे करवंदाचे कुंपण दर महिन्याला सपाट कातरले, तर फुलाची जागाच कापली जाते. मग कुंपण देखणे होते आणि फळ एक दिसत नाही. तेव्हा छाटणी वर्षातून एकदाच, फळ उतरल्यावर करावी. वाळलेल्या आणि रस्त्यात येणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. जरा अस्ताव्यस्त दिसले तर दिसू द्यावे. बुलबुलांना ते तसेच आवडते.

साप होईल ही शंका बायका हमखास काढतात. ती अगदीच खोटी नाही. कुठल्याही दाट जाळीत उंदीर येतो आणि उंदरामागे साप. उपाय असा की बुंध्याची जमिनीलगतची फूटभर जागा मोकळी आणि झाडलेली ठेवावी, आणि जाळीत कचरा साठू देऊ नये.

फळाचे काय करायचे हे घरातल्या बायकांना मी सांगावे असे नाही. कच्च्याचे लोणचे, गूळ घालून केलेली चटणी, वरणात आंबटपणाला चार फळे. चिरताना पांढरा चीक हाताला चिकटतो, म्हणून हाताला आणि विळीला आधी तेल लावावे. अर्धवट पिकलेल्या फळाची जेली फार सुरेख गोठते, कारण त्यात गोठवणारे द्रव्य मुळातच भरपूर असते. शहरात केकवर आणि आइस्क्रीमवर जी लालभडक ‘चेरी’ दिसते, ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. आंबट फळ म्हणून त्यात ‘क’ जीवनसत्त्व आहे. पण करवंदाने अमुक रोग बरा होतो, तमुक विकार जातो, असे कोणी सांगू लागले तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. ते फळ आहे, औषध नाही.

आता शिक्षकांसाठी थोडे. करवंदाला चीक आहे, तसा तो कण्हेरालाही आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोघे एकाच कुळातली. म्हणून ‘चिकाचे झाड विषारी’ असा सोपा नियम मुलांना देऊ नये, आणि ‘चीक आणि काटा असला की खायचे’ हा तर मुळीच नाही, कारण थोराला दोन्ही आहेत आणि त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार अपाय होतो. मुलांना कुंपणापाशी न्या. करवंदाची समोरासमोर येणारी, जाडसर, गोलाकडे झुकणारी पाने दाखवा. जोडीने येणारे, पुष्कळदा टोकाला दुभंगलेले काटे दाखवा. मग शेजारी बिट्टीचे लांब, अरुंद पान ठेवा. पाठ पंधरा मिनिटांचा आहे. फळ ओळखीच्या झाडाचेच, आणि मोठ्या माणसाला विचारूनच तोंडात घालायचे, हेही त्याच वेळी सांगावे.

इंग्लंडातही कुंपणातून एल्डर नावाचे एक झुडूप वाढते. त्याच्या फुलांचे सरबत करतात, काळ्या फळांचा मुरंबा करतात. पण फळ कच्चे खाऊ देत नाहीत, शिजवूनच वापरतात, कारण त्याच्या पानांत आणि कच्च्या फळांत विषारी अंश असतो. तिथल्या आया हे मुलांना शिकवतात. आपले पिकलेले करवंद मुलाने झाडावरून तोडून धुतले आणि खाल्ले, तर शिजवायचीही गरज नाही.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा बाजारात जाळीची करवंदे शेवटची-शेवटची येत असतील. प्रत्येक मुलाने दहा बिया धुऊन आणाव्यात, आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या. पिशवीच्या तळाशी दोन भोके पाडायला विसरू नका.