माणसे कुठे टिकतात?
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या चिटणिसांनीच मला नेमून दिला. कारखान्याने हवा, पाणी, जमीन यांची चाड बाळगली, तर चांगली माणसे त्याच्याकडे येतात आणि टिकतात, हे खरे काय? या प्रश्नामागे उद्यमबागेतल्या आपल्या काही सभासदांची जुनी तक्रार आहे, हे मी ओळखून आहे. चांगला मोल्डर मिळत नाही, मिळाला तर दोन वर्षांत पुण्याची वाट धरतो. आणि इंजिनियर झालेला आपलाच मुलगा वडिलांच्या फौंड्रीत पाऊल टाकायला राजी नसतो.

बेळगावकरांना माणसे टिकवण्याची गोष्ट बाहेरून शिकायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. सायकलींचे दुकान आणि लोखंडी नांगराचा कारखाना त्यांनी याच गावात चालवला. नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. 1910 साली त्या माळावर आपली कामगार कुटुंबे गेली. का गेली? तिथे पगाराचे आकर्षण काय असणार! पण मालक त्याच माळावर, त्याच सापांच्या शेजारी राहायला आला होता. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण कामगार ज्या हवेत राहतो त्याच हवेत मालकही राहतो, ही गोष्ट माणसांना समजत होती.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पॅटागोनिया नावाची कपड्यांची कंपनी आहे. तिचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड मूळचे लोहारकाम करणारे, म्हणून मला ते आपल्यातले वाटतात. कडे चढणाऱ्यांसाठी ते पोलादी खुंट्या घडवीत. धंद्याचा मोठा भाग या खुंट्यांचाच होता. त्या पुनःपुन्हा ठोकून आणि उपसून कातळ फुटू लागला, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा 1972 च्या मालयादीत त्यांनी कातळाला इजा न करणाऱ्या, हाताने कपारीत बसवायच्या अॅल्युमिनियमच्या पाचरा पुढे केल्या आणि स्वतःच्याच चालत्या मालावर पाणी सोडले. हाताखालच्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिले.

पुढची हकीगत अधिक बोलकी आहे. 1988 साली बोस्टनच्या त्यांच्या नव्या दुकानात नोकरांची डोकी दुखू लागली. तपास केला, तेव्हा तळघरात ठेवलेल्या सुती कपड्यांवरच्या फॉर्माल्डिहाइडची वाफ दुकानभर फिरते आहे, असे आढळले. हवा खेळती करून प्रकरण मिटवता आले असते. पण कंपनी मागे मागे जात कापसाच्या शेतापर्यंत पोहोचली; तिथे जमिनीवर आणि माणसांवर फवारल्या जाणाऱ्या विषाचा हिशेब तिच्या हाती आला. मग विषारी फवारणीशिवाय पिकवलेलाच कापूस वापरायचा, असे ठरले. कापड महाग पडणार होते, आणि कंपनीतल्या पुष्कळांना हे वेड वाटले. तेव्हा मालकांनी काय केले? उपदेश केला नाही. बसगाड्या भरून माणसे सॅन वाकीन खोऱ्यातल्या कापसाच्या शेतांवर नेली. तिथला वास घेऊन परत आलेल्या माणसांशी फारसा वाद घालावा लागला नाही. 1996 पासून त्यांचा सगळा सुती माल तशाच कापसाचा झाला.

अशा कामावर राहणारा माणूस पगाराचा हिशेब करतच नाही, असे मात्र समजू नका. त्याच कंपनीने 1983 पासून कामाच्या जागीच पाळणाघर चालवले आहे, आणि लेकराची आई टिकते ती निव्वळ तत्त्वावर नव्हे. 1991 च्या मंदीत याच कंपनीने सुमारे 120 माणसांना, म्हणजे पाचव्या हिश्श्याला, घरी पाठवले. तत्त्व होते, तरी तिजोरी आटली होती. पुढे 2022 साली शुइनार्ड कुटुंबाने कंपनीची मालकीच सोडली आणि धंद्यात न लागणारा नफा निसर्गरक्षणाकडे लावून दिला. इतके आपल्यापैकी कोणी करील, अशी माझी अपेक्षा नाही. मीही केले नसते.

उलट बाजूही पाहा. जर्मनीच्या फोक्सवॅगनने आपल्या डिझेल मोटारी स्वच्छ म्हणून खपवल्या. 2015 साली उघड झाले की, धुराची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी युक्ती त्या यंत्रात बसवलेली होती; अशा मोटारी जगभर सुमारे 1 कोटी 10 लाख. ही युक्ती आपोआप कशी बसेल? ती बसवणारे हात कंपनीतलेच. जाहिरात गिऱ्हाइकासाठी असते. पाइप कुठे सोडला आहे, हे कामगाराला पहिल्या आठवड्यातच कळते. म्हणून फाटकाशी चार अशोक लावून त्यांचे फोटो वार्षिक अहवालात छापणाऱ्यांनी कामगार भुलेल, अशा भ्रमात राहू नये.

तेव्हा आपल्या फौंड्रीपुरते बोलायचे, तर निसर्ग साच्याच्या वाळूपासून सुरू होतो. त्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये त्याची नोंद सरकारला कळवण्याजोग्या रोगांत होती. तो एकदा जडला की औषधाने उतरत नाही. धूळ ओढून घेणारे यंत्र बसवायला खर्च येतो, वाळू पुन्हा वापरण्याजोगी करायलाही येतो, हे मला कोणी सांगायला नको. पण मोल्डर पुण्याला जातो तो हजार-दोन हजार रुपयांसाठीच, असे म्हणण्यापूर्वी त्याच्या बायकोला एकदा विचारावे, तो रात्री खोकतो का. आणि तो मुलगा, शिकलेला? लहानपणी वडिलांचा शर्ट धुताना निघणारे पाणी त्याने पाहिलेले आहे. धंद्याला तो कमी लेखत नाही, घाबरतो.

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीची मुले कारखाने पाहायला नेली जातात, त्याबद्दल एक सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो. त्यांना ऑफिस, चहा आणि बक्षिसांच्या ढाली यांच्याकडून न नेता मागच्या दाराने न्यावे. तिथे जळक्या वाळूचा ढीग असतो; तो कुठे जातो, हे मालकाने स्वतः, कामगारांच्या देखत सांगावे. ज्या सभासदांची याला तयारी असेल, त्यांनी आजच चिटणिसांकडे नाव द्यावे. पहिली भेट दिवाळीच्या सुट्टीत ठेवता येईल.