लाकडी गलबतांचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील 'अनुभवाचे बोल' या उपक्रमात संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'निवृत्तीनंतरचे अर्थनियोजन' हा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर बोलायचा अधिकार मी २०१३ सालीच गमावला आहे. त्यापेक्षा तो कसा गमावला ते सांगतो. तुम्हा सर्वांना माझा उद्योग ठाऊक आहे. ए विंगच्या जिन्यात ज्यांना कधी ना कधी सरसाचा वास आला असेल, त्यांची आधी माफी मागतो.

मी २०१० साली बँकेतून निवृत्त झालो. मुलाने परदेशातून एक खोका पाठवला. आत 'कटी सार्क' या १८६९ सालच्या ब्रिटिश जहाजाचे सुटे भाग होते. तोपर्यंत असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. डेन्मार्कची बिलिंग बोट्स ही कंपनी १९५० च्या दशकापासून असे संच विकते. इटलीत अमाती आहे, स्पेनमध्ये आर्तेसानिया लातिना आहे. तिकडे माणसं हौसेने वर्ष-वर्ष एक जहाज जोडत बसतात. मला अकरा महिने लागले. ते जहाज आमच्या दिवाणखान्यात आहे, पाहिलं असेल.

त्याच सुमारास माझ्या पुतण्याचा कारखाना बंद पडला. डिप्लोमा मेकॅनिकल, हात चांगला, घरी दोन लहान मुलं. तो ते जहाज बघून म्हणाला, "काका, हे आपण करू शकतो. आणि त्यांची जहाजं कशाला? आपली करू." गुराब, गलबत, मचवा, पडाव. कान्होजी आंग्र्यांचं आरमार ज्यांच्या जोरावर चाललं, त्या बोटींचा संच आम्हाला कुठल्याही दुकानात दिसला नव्हता.

मंडळी, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो कर्जप्रस्ताव वाचले. 'बाजारात हे मिळत नाही, म्हणून ते खपेल' हे वाक्य ज्या प्रस्तावात असे, त्यावर मी लाल पेन्सिलीने लिहीत असे, 'मिळत का नाही ते पाहा.' घरच्या माणसासमोर मात्र ती लाल पेन्सिल मी खिशातून काढलीच नाही. भविष्यनिर्वाह निधीतून आलेल्या पैशातले पाच लाख रुपये मी घातले. सौ. ला आधी विचारलं नाही, नंतर सांगितलं. ही पहिली चूक, आणि ती धंद्यातली नव्हे.

आता हा संच म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. बोटीचा कणा प्लायवूडमधून कापतात. त्याला खाचा असतात, त्या खाचांत एकेक फासळी बसते. झाला सांगाडा. त्यावर लाकडाच्या पाच मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड पट्ट्या पाण्यात भिजवून, वाकवून, एकाला एक लावून चिकटवायच्या. बोट मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासावी लागते. मग डोलकाठी, परबाण, शीड, सुकाणू, दोऱ्या. खोक्यात लाकूड, दोरा, कापड, नकाशा आणि सूचनांची पुस्तिका. विकणारा लाकूड विकत नाही, अचूकपणा विकतो. एक खाच अर्धा मिलिमीटर चुकली की पुढचं सगळं वाकडं.

आम्ही वागळे इस्टेटमध्ये एक छोटा गाळा भाड्याने घेतला. आपल्या समितीने घरात करवत चालवायला मनाई केली होती, आणि ते योग्यच होतं.

पहिला संच आम्ही केला तीन डोलकाठ्यांच्या गुराबाचा. गुराब हे आरमाराचं मोठं लढाऊ जहाज, नाळ लांब पुढे आलेली. पुतण्याने जुनी चित्रं आणि वर्णनं वाचून आराखडा काढला. दिसायला देखणं. पण त्यात इतके सुटे भाग होते की घेणारा तिसऱ्या रविवारी कंटाळायचा. फोन यायचे, "काका, आता पुढे काय?" नवशिक्याच्या हातात आम्ही थेट पदवीचा पेपर दिला होता.

दुसरी गोष्ट लाकडाची. कोकणी बोट सागाची, म्हणून आम्ही साग वापरला. खऱ्या बोटीला साग उत्तमच. आपल्या मुंबईत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. पण बोट लहान करता येते, लाकडाचे रेषे लहान करता येत नाहीत. हातभर बोटीवर सागाचे रेषे दोरखंडासारखे दिसतात आणि बारीक पट्टी वाकवताना फाटते. शेवटी एका वखारवाल्याने हळदू सुचवला. पूर्वी गिरण्यांचे बॉबिन ज्याचे करत तेच लाकूड, बारीक पोताचं, पिवळसर. पुतण्याने चार पट्ट्या वाकवून पाहिल्या आणि आमचा प्रश्न सुटला. तोवर चाळीस हजारांचा साग पडून होता.

तिसरा शत्रू पावसाळा. जूनमध्ये गाळ्यात रचलेल्या पट्ट्या ऑगस्टमध्ये धनुष्यासारख्या झाल्या. स्वस्तातल्या प्लायच्या मधल्या थरात पोकळ्या निघाल्या, डिंक जमला तिथे लेझर आरपार जाईना.

पण सगळ्यात मोठी चूक माझ्या खात्याची होती, हिशेबाची. लहान मुलांनी कान टवकारावेत, हे गणित सोपं आहे. एका संचाला लाकूड-दोरा-कापड ६०० रुपये, लेझर कटिंग ४००, खोका आणि पुस्तिका २५०, मोजणी व भरणीची मजुरी १५०, वाया जाणारा माल १५०. एकूण १,५५०. आम्ही किंमत ठेवली २,८००, कर वेगळा. मी खूश, जवळजवळ निम्मा नफा! मग दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, चाळीस टक्के माझे. म्हणजे आमच्या हाती १,६८०. राहिले १३० रुपये. गाळ्याचं भाडं आणि पुतण्याचा पगार मिळून महिना २५,००० खर्च. १३० रुपयांनी २५,००० भागवायला महिन्याला १९३ संच विकायला हवेत. आमचे जात होते सात.

२०१५ च्या मार्चअखेर साडेतीन लाख गेले होते. त्या रात्री मी बँकेच्या पद्धतीने कागद मांडला आणि खाली शेरा लिहिला, 'वसुलीची शक्यता नाही.' सौ. ने तो वाचला. मला वाटलं, आता ऐकवणार. ती एवढंच म्हणाली, "हा शेरा तुम्ही त्याला वाचून दाखवाल का? त्याच्या तोंडावर?"

मी दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेलो आणि वाचून दाखवला. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हे सगळं तुम्हाला सहा महिन्यांपूर्वी दिसत होतं ना? मग तेव्हा का नाही सांगितलंत? मी नोकरी तरी शोधली असती." मंडळी, तो बरोबर होता. मी त्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याची किंमत त्याची मुलं देत होती. परक्या कर्जदाराशी मी जास्त प्रामाणिक वागलो होतो.

आम्ही दोघांनी ठरवलं, उरलेल्या दीड लाखात एकच प्रयत्न, मुदत डिसेंबर. नंतर कुलूप. हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

गुराब बाजूला ठेवलं. रेवदंड्याला जाऊन, मालकाची परवानगी घेऊन, एका जुन्या मचव्याची टेप लावून मापं घेतली. एक डोलकाठी, एक शीड, नऊ फासळ्या. पंधरा दिवसांत नवशिक्याने पुरा करावा असा संच. आणि तो तपासायला दिला आपल्या सोसायटीतल्या तीन मुलांना. त्यांतली सातवीतली एक मुलगी चौथ्या पानावर अडली. तिने विचारलं, "आजोबा, 'डावी' म्हणजे बोटीची डावी की माझी डावी?" आम्ही पुस्तिका पुन्हा लिहिली. त्या एका प्रश्नाने आमचे निम्मे फोन बंद झाले असतील.

दुकानं सोडली. थेट ग्राहकाला कुरिअरने विक्री. १५० रुपये कुरिअरचे धरले तरी संचामागे ११०० उरतात. २५,००० भागिले ११००, म्हणजे महिन्याला तेवीस संच. हा आकडा पुतण्याने गाळ्याच्या दारावर खडूने लिहिला. ऑक्टोबरात एकोणीस गेले, नोव्हेंबरात सव्वीस. डिसेंबरात कुलूप लागलं नाही.

एक नियम आम्ही आजही पाळतो. कोणाचाही भाग हरवला, तुटला, तरी तो फुकट पाठवायचा, चूक कोणाची ते न विचारता. एका फासळीची किंमत बारा रुपये. अर्धवट राहिलेली बोट लोक माळ्यावर टाकतात, आणि पुरी झालेली दिवाणखान्यात ठेवतात. आमची जाहिरात दिवाणखान्यातच होते.

पुढेही खाचखळगे आलेच. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आमच्या खोक्यावर तर 'दहा वर्षांपुढील' छापलेलं! पुतण्याने सगळे खोके बदलले. आता तो संच मोठ्यांच्या छंदाची वस्तू म्हणून विकतो. तरुणांना सांगतो, कायदा वाचणं हाही कच्चा मालच समजा. उद्यम नोंदणी मोफत आहे, मुद्रा कर्ज आहे. पण कर्ज घेण्याआधी दारावर तुमचा 'तेवीस' कुठला ते लिहा.

माझे पाच लाख २०१९ साली परत आले, बिनव्याजी. बँकेत ठेवले असते तर जास्त झाले असते, हे सौ. दर दिवाळीला सांगते. आज गाळ्यात पुतण्या आणि भरणीचं काम करणाऱ्या दोन भगिनी आहेत. महिन्याला तीस-पस्तीस संच जातात. मोठा धंदा नाही. त्याची दोन्ही मुलं शिकली, एवढा आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं, शिवलेल्या फळ्यांचं 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं, तेव्हापासून लोक त्याचा संच मागतात. पुतण्या आराखडा काढतो आहे. मी त्याला लगेच सांगितलं, "अवघड आहे, खर्च मांड, मग बोलू." या वेळी लाल पेन्सिल वेळेवर काढली.

आपल्या कार्यालयातल्या काचेच्या कपाटात पहिला मचवा आहे, त्या तीन मुलांनी जोडलेला. उजव्या बाजूची एक पट्टी उलटी बसली आहे. ती तशीच ठेवा, अशी समितीला विनंती. आणि ज्यांना जोडायला शिकायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी दहाला इथेच सभागृहात यावं. चाकू मी आणीन, जुनी वर्तमानपत्रं तुम्ही आणा.