एक आवार, एक नोंद

(खामगाव येथे बांधकाम मजूर व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण)



खामगावात कामगार-कायद्याविषयी बोलावयाचे तर कापसापासून आरंभ करणे योग्य होईल. १८७० साली जलंबहून येथवर लोहमार्गाचा फाटा आला तो कापसासाठीच. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८८१ मध्ये, हिंदुस्थानातील पहिला कारखाना-कायदा झाला. त्यात कारखाना कशास म्हणावे? जेथे यांत्रिक शक्ती वापरली जाते, शंभर वा अधिक माणसे एका वेळी राबतात आणि जो वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालतो तो. परिणाम असा झाला की शेजारच्या खानदेशातील हंगामी जिन या व्याख्येबाहेर राहिले. रुईच्या धुळीत दिवसरात्र उभी असलेली बाई कायद्याच्या लेखी कारखान्यात नव्हतीच.

कायदा डोकी मोजतो आणि भांडवल डोकी वाटून टाकते. ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आजचे तिचे रूप औद्योगिक आवारातील बांधकामावर दिसते.

एखाद्या मोठ्या कारखान्याच्या आवारात विस्ताराचे काम निघाले, असे समजा. पाया एका ठेकेदाराकडे, पोलादी सांगाडा दुसऱ्याकडे, धुराडे तिसऱ्याकडे, वीजजोडणी चौथ्याकडे, कुंपणाची भिंत आणखी कोणाकडे. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका ठिकाणी हजेरी लिहिण्याचे काम करीत असे. तो मला म्हणाला, ''सर, गेट एक आहे, पण मस्टर सात आहेत. आणि सातांची बेरीज कोणीच करीत नाही.'' अर्थशास्त्राच्या वर्गात मी तीस वर्षे बेरजा शिकविल्या, परंतु इतकी महत्त्वाची बेरीज माझ्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमातील कलम ४६ प्रमाणे काम सुरू होण्यापूर्वी किमान तीस दिवस मालकाने निरीक्षकास लेखी सूचना द्यावयाची होती. कामाचे ठिकाण, कामाचे स्वरूप, अपेक्षित मजूरसंख्या, कामाची मुदत, स्फोटके असल्यास त्यांच्या साठवणीची व्यवस्था, हे सारे तीत लिहावयाचे. त्यात बदल झाला तर दोन दिवसांत कळवावयाचे. तरतूद चांगली होती. परंतु 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत आवाराचा धनीही होता आणि ठेकेदाराच्या माणसांपुरता ठेकेदारही होता. त्यामुळे धनी ठेकेदाराकडे बोट दाखवी, ठेकेदार उपठेकेदाराकडे. आणि उपठेकेदाराकडे नऊच माणसे असत, कारण दहाव्या माणसापासून कायदा लागू होत असे! सूचना न दिल्यास शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कोट्यवधींच्या कामात दोन हजार रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च.

आपल्या राज्याची कथा अधिकच खेदजनक. अधिनियम १९९६ चा. महाराष्ट्राचे नियम झाले २००७ मध्ये. अकरा वर्षे कायदा केवळ पुस्तकात होता. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत, अकोला जिल्ह्यातील पारस येथे, जुन्या औष्णिक वीजकेंद्राच्या आवारातच २५० मेगावॅटचे दोन नवे संच याच दशकात उभे राहिले. बांधकामाची ऐन घाई आणि नियमांची प्रतीक्षा असा तो काळ.

चालू कारखान्याच्या आवारात नवे बांधकाम निघाले की आणखी एक पळवाट उघडते. १९९६ च्या अधिनियमातून कारखाना-कायदा लागू असलेली कामे वगळलेली होती. तिचा आधार घेऊन मालक म्हणत, आमच्या आवारास कारखाना-कायदा लागू आहे, तेव्हा बांधकाम-कायद्याचे आम्हांस देणे नाही. उत्तर प्रदेशातील अनपरा येथील वीजप्रकल्पाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ ऑक्टोबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत्यक्ष उत्पादनप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी जो मजूर तेथे इमारत उभारतो तो कारखान्याचा कामगार नव्हे, बांधकाम कामगार होय. त्यास त्याच कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. कारखान्याची नोंदणी आधीच करून ठेवली म्हणून भिंत बांधणाऱ्याचा हक्क बुडत नाही.

कोणी विचारील, कामाची विभागणी करणे हाच गुन्हा काय? नव्हे. धुराडे बांधणारा आणि बाष्पक बसविणारा यांचे कौशल्य भिन्न असते, हे मी नाकारीत नाही. परंतु अपघात बहुधा कौशल्याच्या मध्यभागी होत नाहीत. ते दोन कामांच्या सांध्यावर होतात. एकाची क्रेन दुसऱ्याच्या माणसांवरून फिरते. वर एकाची वेल्डिंग चालते, खाली दुसऱ्याचा रंग उघडा असतो. चर एक खणतो, त्याची माती दुसरा हलवितो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ज्या सामाजिक खर्चाची मीमांसा केली, त्याचे याहून उघड उदाहरण शोधावे लागणार नाही: प्रत्येक ठेकेदार आपला खर्च वाचवितो आणि सांध्यावरचा मजूर तो अंगावर घेतो.

आपल्या जिल्ह्याने २० ऑगस्ट २०२१ रोजी काय पाहिले हे आपणांस ठाऊक आहे. समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजूर आणि लोखंडी सळया एकाच टिप्परमधून नेल्या जात होत्या. सिंदखेड राजा तालुक्यात तढेगावजवळ तो उलटला आणि १३ मजूर गेले. कागदाने टिप्पर सावरत नाही, हे मला कबूल आहे. परंतु माणसे कशी ने-आण केली जातात हे विचारण्याचा अधिकार ज्या निरीक्षकास आहे, त्यास कोठे किती माणसे कामावर आहेत एवढे तरी आधी कळले पाहिजे.

युरोपीय समुदायाने २४ जून १९९२ च्या निर्देशात याचा विचार केला. वीसहून अधिक मजूर एकाच वेळी तीसहून अधिक दिवस राबणार असतील, किंवा एकूण काम पाचशे मनुष्यदिवसांहून अधिक असेल, तर पूर्वसूचना देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या धन्याकडे किंवा त्याने नेमलेल्या प्रकल्पप्रमुखाकडे आहे. ती सूचना कामाच्या जागी ठळकपणे लावावी लागते आणि एकाहून अधिक ठेकेदार असल्यास सुरक्षेचा समन्वयक नेमावा लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा १६७ क्रमांकाचा करारही समन्वयाची जबाबदारी मुख्य ठेकेदारावर, किंवा ज्याच्या हाती आवाराचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याच्यावर, टाकतो. हे देश समाजवादी नाहीत. त्यांना केवळ बेरीज करता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९९६ चा अधिनियम त्यांत विलीन झाला. काम सुरू करण्याची व बंद करण्याची सूचना नव्या संहितेतही आहे. तिचा नमुना आणि रीत नियमांवर सोपविली आहे. बांधकामावर २५० मजूर असतील तर सुरक्षा अधिकारी हवा, असेही तीत आहे. पूर्वीची मर्यादा ५०० होती, तेव्हा ही सुधारणाच म्हणावी लागेल. परंतु २५० कोणाचे? आवाराचे की एका ठेक्याचे? तीन ठेकेदारांकडे प्रत्येकी २४० माणसे असली तर ७२० माणसांच्या आवारात एकही सुरक्षा अधिकारी नाही, असा अर्थ लावावयास कोणताही वकील तयार होईल. म्हणून मोजणीचा घटक आवार हाच असेल आणि सर्व ठेक्यांची एकत्रित सूचना धनी देईल, हे राज्याच्या नियमांत अक्षरशः लिहून घेण्याची मागणी आपण केली पाहिजे.

हा प्रश्न केवळ अपघाताचा नाही. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी व्हावयास वर्षातून नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. एकाच गेटातून आत जाऊन मजूर एका ठेकेदाराकडे चाळीस दिवस, दुसऱ्याकडे पस्तीस, तिसऱ्याकडे वीस दिवस राबतो. दिवस पंचाण्णव भरले; दाखला मात्र कोणीच देत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे देशभरात उपकरातून ३७,४०० कोटींहून अधिक रक्कम जमा झाली होती आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. पैसा आहे, मजूरही आहे; दोहोंमध्ये दाखल्याचा कागद तेवढा नाही.

आज येथून जाताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने एक आवार निवडावे. आठवडाभर सकाळी गेटावर उभे राहून आत जाणारी माणसे मोजावीत आणि ठेकेदारांची नावे विचारून लिहावीत. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जिल्ह्याच्या कामगार कार्यालयास विचारावे: या आवारातील किती कामांच्या सूचना आपणांकडे आल्या, आणि त्यांत किती मजूर दाखविले आहेत? अर्जाचे दहा रुपये मी देतो. दोन्ही आकडे शेजारी मांडून या साप्ताहिकाकडे पाठवावेत.