प्रस्तावनेत न मावलेलं काम

(मेडनहेड येथील दिवाळी कार्यक्रमात केलेले भाषण)



'दीर्घकालीन यश आणि एकाग्रता' असा भारदस्त विषय मला दिलाय. मी आयटी कन्सल्टंट. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे आमच्याकडे दीर्घकाळ! तेव्हा उदाहरण धंद्याबाहेरचं घेतो: महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे.

काणे मुंबई हायकोर्टात वकिली करत. 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाचं संपादन करताना, प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा असं त्यांच्या मनात आलं. तो विषय प्रस्तावनेत मावेना, म्हणून स्वतंत्र ग्रंथ हाती घेतला. पहिला खंड निघाला १९३० साली, पाचवा पूर्ण झाला १९६२ साली. एकूण पानं ६,५०० च्या वर! पहिल्या खंडाच्या वेळी त्यांचं वय होतं ५०, शेवटच्या वेळी ८२. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

या ३२ वर्षांत बाकीचं आयुष्य काही थांबलं नव्हतं. वकिली होती, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद होतं, राज्यसभा होती. ती सगळी कामं सांभाळून ते पुन्हा त्याच लिखाणाकडे परतत राहिले. मला मोठं वाटतं ते हे परतणं. एका रात्रीची एकाग्रता आपल्या सगळ्यांना जमते. रिलीजच्या आदल्या दिवशी ती आपोआप येते, कारण डोक्यावर क्लायंट असतो. ज्या कामाला डेडलाइन नाही, ज्याबद्दल कुणी विचारत नाही, तिथे खरी परीक्षा.

आमच्या घरी पणजोबांचे मोडी लिपीतले कागद आहेत. ते वाचू शकणारं घरात आता कुणीच उरलेलं नाही. असंच चाललं तर एक दिवस ते गाठोडं रद्दीत जाईल. म्हणून गेले आठ महिने मेडनहेडहून पॅडिंग्टनला जाताना मी गाडीत रोज वीस मिनिटं मोडी शिकतोय. सुरुवातीला एका ओळीतले दोन शब्द लागले तरी खूप वाटायचं. आता एका प्रवासात एक ओळ लागते. वेग काही फार नाही, पण ओळी पुढे सरकतायत.

मंडळी, प्रत्येकाकडे असं एखादं काम असतं, जे आपण केलं नाही तर कुणीच करणार नाही. ते एकच निवडा, त्याला रोजची ठरलेली वेळ द्या, आणि खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. यशाचं मागाहून बघू.

आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!