बॅलार्ड इस्टेट आणि आपला सदर बाजार
(गणेशोत्सवात मंडळासमोर केलेले भाषण)



रायपूरला समुद्र नाही. मोठे पाणी म्हणाल तर आपला बुढा तलाव. तरीही आज मी मुंबईच्या गोदीलगतच्या इमारतींविषयी बोलणार आहे. त्याचे कारण आपल्या सदर बाजारातच आहे. ते शेवटी सांगतो.

शिक्षण संपल्यावर मी सहा वर्षे मुंबईत एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होतो. कचेरी बॅलार्ड इस्टेटमध्ये, व्ही.टी.पासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या दिवशी मला ती सापडेना. सगळ्या इमारती जवळजवळ एकाच उंचीच्या, सारख्याच दगडी आणि गंभीर. कोणाचीही पाटी डोळ्यांत भरणारी नाही. शेवटी एका पहारेकऱ्याने दारापर्यंत पोहोचवले. तेव्हा वैतागलो होतो. हा सारखेपणा मुद्दाम राखलेला आहे, हे पुढे कळले.

मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाची, स्थापना १८७३ ची. कर्नल बॅलार्ड हे पहिले अध्यक्ष. त्यांचे नाव धक्क्याला मिळाले आणि पुढे या वसाहतीलाही. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेली माती आणि दगड समुद्रात भरून सुमारे २२ एकर जमीन तयार झाली. तिच्यावर १९०८ ते १९१४ या काळात ही व्यापारी पेठ आखली गेली. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, मालाचे दलाल, सगळे गोदीच्या दाराशी आले.

वास्तुशिल्पी होते जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया आणि आज छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय, या वास्तूही त्यांच्याच. तिथे त्यांनी घुमट आणि कमानींची हौस केली. इथे मात्र हात आखडता घेतला. इमारत कोणाचीही असो, दर्शनी भाग एका शैलीत आणि उंची एका मापात, हा आग्रह. आत ज्याने त्याने आपला धंदा करावा, पण रस्त्याचा चेहरा सर्वांचा.

या पेठेत आपल्या माणसांचीही खूण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांसह ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. शिंद्यांचे नाव इंग्रजी वळणाने कंपनीला मिळाले: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवण्याचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. त्या इंग्रज कंपन्यांची मुंबईतली एजंट होती मॅकिनन मॅकेन्झी. तिची इमारत आणि सिंदिया हाऊस, दोन्ही याच बॅलार्ड इस्टेटमध्ये! भांडण समुद्रावर चालले, रस्त्यावर इमारतींनी एकमेकींचा मान राखला. पुढे रस्त्यांना वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांची नावे आली. कंपन्या गेल्या, पाट्या बदलल्या, चेहरे राहिले.

आता सदर बाजार. इथे खाली पेढी, वर बिऱ्हाड आणि पुढे लाकडी सज्जा अशी घरे आपण लहानपणापासून पाहिली. आमचे घरही तसेच. खाली वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान. विसर्जनाच्या रात्री कोतवालीकडून झांक्या येऊ लागल्या की वडील सज्जात खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसत.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने दर्शनी भाग काढून काच आणि पत्रा लावायचे ठरवले. माझी सही लागत होती. मी केली. दोन दिवसांत सज्जा उतरला आणि लाकूड जळणाच्या भावाने गेले. मी भावाला दोष देत नाही. दोन्ही शेजाऱ्यांनी काच लावलेली, गिऱ्हाईक तिकडे वळत होते, आपण मागे पडू अशी त्याला भीती होती. उद्या आमची काच पाहून समोरचा काच लावेल. एकट्याने सज्जा राखणे म्हणजे एकट्याने तोटा सोसणे. सर्वांनी मिळून राखला, तर कोणीच मागे पडत नाही. विटेटच्या नियमाचा अर्थ मला सही केल्यावर कळला.

तिथे जमीन एका ट्रस्टच्या मालकीची होती, म्हणून नियम चालला. इथे जितकी दारे तितके मालक. पण एक गोष्ट आपल्याकडे आहे: वर्गणीसाठी आपले कार्यकर्ते प्रत्येक दारी जातात आणि कोणी त्यांना परत पाठवत नाही. पुढच्या वर्षी पावतीपुस्तकासोबत एक वही न्यावी. प्रत्येक जुन्या घराचा फोटो काढावा, वडीलधाऱ्यांना विचारून घर केव्हाचे ते लिहावे. आणि ज्यांचे सज्जे अजून उभे आहेत त्यांना एवढीच विनंती करावी की, ते उतरवण्याआधी शेजाऱ्यांशी एकदा बोला. उजेड हवा असेल, दुरुस्ती परवडत नसेल, तर एकत्र बसून मार्ग काढू.

वहीत आमच्या घरापुढे सज्ज्याचा जुना फोटो मी स्वतः आणून चिकटवीन. त्याखाली लिहीन: काढला, सर्वांच्या संमतीने.

 गणपती बाप्पा मोरया!