कट्ट्यावर नाव कुणाचे?

(भंडारा येथील हिवाळी व्याख्यानमालेत छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेले व्याख्यान)



धानाची चुरणी आटोपली आहे, गावोगावच्या मंडयांच्या जत्रा उरकत आल्या आहेत आणि झाडीपट्टीतल्या नाटकांच्या रात्री सुरू आहेत. अशा दिवसांत तुम्ही व्याख्यानाला आलात, तेव्हा कामाचेच बोलतो. छोट्या धंद्याने बाजारात आपली ओळख कशी उभी करायची, हा विषय. आपल्या जिल्ह्यापुरते माझे म्हणणे एवढेच, की माल आपला उत्तम आहे, पण तो जिल्ह्याची वेस निनावी ओलांडतो. नाव पुढे कुणी दुसराच लावतो आणि नावाचे पैसेही त्यालाच मिळतात.

घरातली जुनी पितळी गुंडी काढून पाहा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे कोरलेली असतात. कुणी दिली, कुणाच्या लग्नात दिली, कधी कधी सालसुद्धा. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जाई. पण देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाव कोरणाऱ्या त्या हाताने घडवणाऱ्याचे नाव क्वचितच कोरले. पितळेच्या जागी स्टील येणारच होते. ते हलके, घासायला सोपे. तरी अमक्याच्याच हातची परात हवी, असे म्हणणारी थोडी गिऱ्हाइके नक्की टिकली असती. तसे म्हणायला त्यांच्याजवळ नावच नव्हते.

याहून मोठे उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे, दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, जपल्या, वर्षामागून वर्ष निवडून पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा, चवीला सरस वाण उभा राहिला. तो तळोधीच्या बाजारात विकायला गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. व्यापाऱ्याने त्या काळी जो तो मनगटावर बांधत असे त्या घड्याळाचे नाव देऊन टाकले, एचएमटी. आज महाराष्ट्रात, छत्तीसगडात, तेलंगणात किराणा दुकानात जाऊन ‘एचएमटी द्या’ म्हटले की दुकानदार माप टाकतो. दादाजींना २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत त्यांचे नाव आले. पण ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हाही घरची ओढाताण संपली नव्हती. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येईल असा कायदा २००१ मध्ये झाला, तोवर एचएमटी चहूकडे पसरला होता. पुढच्या वाणांच्या बाबतीत मात्र त्यांनी नाव दुसऱ्यावर सोडले नाही. एकाला स्वतःची आद्याक्षरे दिली, डीआरके. दुसऱ्याला गावाचे नाव दिले, नांदेड चिन्नोर. आपल्याकडच्या प्रत्येक बचत गटाने हा इतिहास वाचावा, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या चिन्नोरकडे येऊ. हा भारी धान. हलका धान कापून झाला तरी चिन्नोर बांधीत उभाच असतो, शेवटपर्यंत पाणी मागतो, वर उतारा कमी. तरी लोक लावतात, कारण भात मऊ होतो आणि शिजताना वास दारापर्यंत येतो. ‘भंडारा चिन्नोर’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने काम संपले असे समजू नका. मानांकन हे सगळ्या मुलखाचे असते. ते वापरायचे तर उत्पादकाने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. बालाघाटच्या चिन्नोरलाही २०२१ मध्ये मानांकन मिळाले आहे, म्हणजे नागपूरच्या दुकानात एकाच फळीवर दोन्ही चिन्नोर असणार. तेव्हा पाकिटावर नुसते ‘चिन्नोर’ मोठे छापून भागणार नाही. ‘भंडारा’ तितकेच मोठे हवे आणि त्याखाली तुमच्या गटाचे व गावाचे नाव.

स्वतःचे नाव ही वेगळी गोष्ट, ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचे. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. तांदूळ ३० व्या वर्गात येतो, घरगुती भांडी २१ व्या. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करता येते. ‘सुगंधी’, ‘उत्तम’ असली केवळ वर्णनाची नावे सहसा मिळत नाहीत. देवादिकांची नावे इतक्यांनी घेतलेली असतात की तुमचे वेगळे ओळखूच येत नाही. गावाचे तळे, टेकडी, पाड्याचे जुने नाव घ्या. ते तुमच्याशिवाय कुणाला सुचणार नाही आणि फोनवर एकदा सांगितले की समोरच्याला लिहून घेता आले पाहिजे.

आपल्या भागातल्या तांदळाच्या पिशव्या, म्हणजे कट्टे, मी नेहमी उलटून पाहतो. चकचकीत छपाई, इंग्रजीत ‘प्रीमियम क्वालिटी’, कुठल्या तरी बिर्याणीचा फोटो आणि धान ज्या गावात पिकले त्याचा पत्ताच नाही. याला एक जुने कारणही आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पाच टक्के कर नोंदणीकृत ब्रँडच्या तांदळावर होता. साहजिकच नाव नोंदवणे म्हणजे कर ओढवून घेणे, असे अनेकांच्या मनात बसले. १८ जुलै २०२२ पासून नियम बदलला. आता नाव नोंदवलेले असो-नसो, पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर कर आहेच. नाव न नोंदवण्यात आता बचत नाही. तेव्हा ती भीती सोडा.

पाकिटावर कायद्याने काय हवे ते ठरलेले आहे: पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, दर किलोचा भाव, तक्रारीसाठी फोन नंबर आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. यात मी दोन ओळी वाढवायला सांगतो. पहिली, धान भरडल्याची तारीख. सुगंधी तांदळाचा वास साठवणीत उडत जातो, म्हणून सगळे धान एकदम भरडून ठेवू नका. धान घरात ठेवा आणि मागणीप्रमाणे थोडे थोडे भरडा. मोठ्या कंपनीला हे जमत नाही. तुम्हाला जमते, आणि तुमच्याकडे यायचे कारणच ते आहे. दुसरी ओळ पाण्याची. नवा तांदूळ कमी पाण्यात शिजतो. पुण्याच्या बाईने सवयीने जास्त पाणी घातले की भाताचा गोळा होतो आणि ती म्हणते, तांदूळ खराब. नवा आहे, पाणी बेताने घाला, असे छापले की तिचा भातही चांगला होतो आणि तुमचे नावही राहते.

करवती साडीविषयी थोडेच बोलतो, कारण आंधळगाव-पवनीच्या विणकरांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्या साडीलाही भौगोलिक मानांकन आहे. तीन धोट्यांनी विणलेला तो काठ, करवतीच्या दातांसारखा, हीच तिची जाहिरात. गिऱ्हाइकाला साडी नुसती उलगडून दाखवू नका. काठ हातात द्या, दात बोटाने मोजू द्या, कोसा कोणत्या झाडावर वाढतो ते सांगा. सोबत एक चिठ्ठी द्या, विणणाऱ्याच्या नावाची आणि गावाची. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळणाऱ्या ढिवर कुटुंबांचाही त्या चिठ्ठीत उल्लेख असू द्या. बारा हातांतून आलेल्या वस्तूचा भाव सांगताना ते हात दिसले, की गिऱ्हाईक घासाघीस कमी करते.

विकायचे कुठे? सगळे व्हॉट्सॲपकडे बोट दाखवतात. ते हवेच. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी टाका, गूगल नकाशावर जागा नोंदवा, फुकट आहे. पण आपला पहिला बाजार दिवाळीनंतरची मंडई आहे. दंडारीचे लोकनाट्य बघायला नोकरीवाले पोरे-पाहुणे मुंबई-पुण्याहून येतात ते तेव्हाच. तिथे चिन्नोर शिजवून द्रोणात वाढा आणि ज्यांनी खाल्ला त्यांचे नंबर वहीत लिहून घ्या. त्याच वहीतून वर्षभर ऑर्डरी येतील. दुसरी जागा महामार्ग. भंडारा, लाखनी, साकोलीवरून कोलकाता-नागपूरची वाहतूक दिवसरात्र जाते आणि थांबलेल्या प्रवाशाला एक-दोन किलोचे पाकीट हातात देणारे फार कमी आहेत. बचत गटांना मुंबईच्या महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने आहेत. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत गटांना ब्रँडिंग आणि विक्रीच्या खर्चाला पन्नास टक्क्यांपर्यंत मदत मिळते. कृषी विभागात जाऊन विचारा, कुणी घरी येऊन सांगणार नाही.

राहिला भाव. पुष्कळ गट मिलच्या भावात दोन रुपये घालून पाकीट विकतात आणि वर्षाअखेर हातात काही उरत नाही. हिशेब असा मांडा. क्विंटलभर धानातून साठ-पासष्ट किलो तांदूळ पडतो, त्यातही कणी निघते, तिचा भाव वेगळा. भरडाई, पाकीट, छपाई, हमाली, कर धरा. दुकानदाराला पंधरा ते वीस टक्के द्यावे लागतील ते धरा. फुटलेली, परत आलेली पाकिटे धरा. घरच्या बायांची निवडण्याची मजुरी धरा, ती कधीच धरली जात नाही. एवढे करून जो आकडा येईल त्यावर नफा. तो बासमतीच्या जवळ गेला तरी घाबरू नका आणि उतरवूही नका. गिऱ्हाईक बिचकत असेल तर त्याच दराने अर्ध्या किलोचे पाकीट काढा. एकदा शिजवून बघू द्या. आणि पुढच्या रोवणीआधी बियाण्यातली भेसळ काढायला बसा. चिन्नोरच्या बांधीत दुसरा धान उभा राहिला, तर पाकिटावरचे सगळे छापील शब्द पहिल्याच घासाला खोटे पडतील.