रे क्लफ : संगणकाकडून कंपमंचाकडे



धरणाच्या किंवा विमानाच्या पंखाच्या कोणत्या भागावर किती ताण येतो, हे आज संगणकावर काढले जाते. अखंड रचनेचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याची ताठरता मांडायची आणि तुकडे जेथे जुळतात त्या बिंदूंपाशी समतोलाची समीकरणे एकत्र सोडवायची, अशी ही रीत आहे. तिला ‘फायनाइट एलिमेंट मेथड’ हे नाव १९६० मध्ये देणारे प्राध्यापक रे क्लफ पुढे स्वतःच गणनेकडून प्रयोगाकडे वळले. त्यांच्या अध्यापकीय जीवनातील हे वळण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

क्लफ यांचा जन्म १९२० मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून डॉक्टरेट घेऊन १९४९ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कले येथे रुजू झाले. अध्यापनाचे विषय संरचना आणि भूकंप यांचे. पण कीर्ती देणारे काम मिळाले ते उन्हाळी सुटीत! १९५२ च्या उन्हाळ्यात ते बोइंग कंपनीत गेले. त्रिकोणी, आखूड पंखाची ताठरता काढण्याचा प्रश्न त्यांच्याकडे आला. पंख म्हणजे दांड्यांची जाळी, असे मानून केलेले गणित प्रत्यक्ष चाचणीशी जुळेना. पुढच्या उन्हाळ्यात विभागप्रमुख टर्नर यांनी पंखाचा पत्रा त्रिकोणी तुकड्यांत विभागण्याचे सुचवले आणि उत्तरे जुळू लागली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा हा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रिकोणांची कल्पना गणिती कूरां यांनी १९४३ मध्येच वापरली होती. परंतु अभियंत्यांचे तिकडे लक्ष गेले नव्हते. ज्ञानशाखांमधील भिंती अशा महाग पडतात.

नॉर्वेतील एका वर्षाच्या मुक्कामानंतर क्लफ यांनी हीच पद्धत स्थापत्य अभियांत्रिकीत आणली. त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी संगणकासाठी आज्ञावली लिहिली आणि अर्कान्सासमधील नॉरफोर्क या तडा गेलेल्या धरणातील ताण तिच्या साहाय्याने काढण्यात आले. एका खऱ्याखुऱ्या धरणाचे उत्तर समोर आल्यावर स्थापत्य अभियंत्यांच्या मनातील शंका मावळू लागल्या.

या विचारधारेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात, जेथे मागील बाजूचा उतार एकदम बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपाचे बल वजनाच्या ५ टक्के, तेही उंचीभर सारखेच, धरले होते. त्या हिशेबाने भेगा पडायलाच नको होत्या. बर्कले येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, धरण जमिनीबरोबर कसे हेलकावते हे क्षणाक्षणाला मोजले. काँक्रीटला न पेलणारा ताण त्यांना नेमका त्या उताराच्या बदलापाशीच आढळला. प्रत्यक्ष भेगांनी गणिताला साक्ष दिली.

परंतु अशी साक्ष भूकंपानेच द्यावी काय? क्लफ यांना हाच प्रश्न सतावत होता. संगणक कितीही सूक्ष्म तुकडे हाताळो, सांधा कसा झिजतो किंवा काँक्रीट कसे चिरते याचे गृहीतक चुकले तर उत्तर नीटनेटके, पण खोटे येते. म्हणून सहकारी जोसेफ पेन्झिन यांच्यासह त्यांनी बर्कले विद्यापीठाच्या रिचमंड येथील केंद्रात २० फूट चौरस कंपमंच उभारण्याचा पाठपुरावा केला. १९७२ मध्ये तो सुरू झाला. गणनेचा वेग प्रयोगांच्या फार पुढे गेल्याची चिंता त्यांनी १९८० मधील एका लेखातही मांडली. हे लिहिणारा त्या पद्धतीचा टीकाकार नव्हता, तिचे नाव ठेवणारा होता!

१९८७ मध्ये क्लफ निवृत्त झाले. १९९४ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कंपमंचावर १९७० च्या दशकात तीन मजली पोलादी सांगाडा हलवून पाहण्यात आला होता. सांगाड्याचे प्रत्यक्ष हेलकावे आणि संगणकाने वर्तवलेले हेलकावे यांची तुलना करणे, हाच त्या चाचणीचा मुख्य हेतू होता.